न बसणाऱ्या कुमुदताई

कुमुदताईंची माझी ओळख चालताना झाली आणि पुढं ती वाढली तीही बहुतेक चालतानाच. आम्ही पुण्याहून मिशिगनमधल्या नोव्हायला नवीन आलो होतो. फेब्रुवारी होता. आमच्या सबडिव्हिजनमधली, म्हणजे कॉलनीतली, कुत्रीसुद्धा अंगणात पाय टाकून लगेच घरात पळायची, अशी थंडी. आणि रस्त्यानं सत्तरीकडे झुकलेली एक बाई नाकापर्यंत मफलर गुंडाळून, बर्फातले बूट घालून तुरुतुरु फेऱ्या मारत होती. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. ती थांबली, माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि मराठीत म्हणाली, "कमरेतून उचलू नका, गुडघ्यातून उचला." मी मराठी आहे हे हिला कसं कळलं, ते विचारेपर्यंत बाई पुढच्या वळणावर पोचली होती. उत्तर पुढच्या फेरीला मिळालं. "दारावर तोरण आहे की तुमच्या," असं म्हणून ती परत चालायला लागली.

पहिले काही दिवस मी त्यांना काकू म्हणत होते. एकदा त्यांनी मला थांबवलं. "ताई म्हण. काकू म्हटलं की लोक खुर्ची आणून देतात."

खुर्चीशी त्यांचं वैरच होतं. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला बायका सतरंजीवर, सोफ्यावर पसरलेल्या असत आणि कुमुदताई दाराजवळ, अंगात कोट तसाच, हातात तिळगुळाची वाटी घेऊन उभ्या. कोणी हाताला धरून बसवलंच तर सोफ्याच्या कडेला टेकत आणि जरा वेळानं पाणी आणायला म्हणून उठत, ते परत जागेवर येत नसत. मूळच्या त्या मिरजेच्या. डॉक्टर, भूलतज्ज्ञ. इथल्या एका हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. "जन्मभर स्टुलावर बसून दुसऱ्यांचे श्वास बघितले," त्या म्हणायच्या. "आता बसलं की मला कोणाचा तरी श्वास ऐकू येतो." हे त्या हसत म्हणायच्या, त्यामुळे आम्हीही हसायचो.

दर वर्षी मे महिन्यात त्या तीन आठवडे सार्डिनिया नावाच्या इटालियन बेटावर जात. एकट्या. पहिल्यांदा म्हणे त्या कुठल्याशा क्रूझवरून एक दिवसापुरत्या तिथं उतरल्या होत्या, आणि बंदरावरच्या दुकानांत फिरायचं सोडून एका लाल बसमध्ये चढून डोंगरात गेल्या होत्या. बोट चुकता चुकता राहिली. तेव्हापासून ते बेट. सगळे जातात त्या किनाऱ्यावर त्या जात नसत. जिथं हॉटेल नाही, रस्ता अर्ध्यावर संपतो, गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या एवढंच उरलंय, तिथं जात. गावांची नावं मात्र कोणालाही सांगत नसत. मंडळातल्या हौशी लोकांनी कितीदा विचारलं. "नाव सांगितलं की मागून बस येते," एवढंच उत्तर. म्हणून मीही इथं नाव सांगत नाही.

लोक बोलायचे ते मात्र गावांबद्दल नव्हे. श्रीधरकाका, म्हणजे कुमुदताईंचे यजमान, स्ट्रोक येऊन अंथरुणाला खिळले होते. आणि ही बाई दर मे महिन्यात नवऱ्याला दुसऱ्याच्या हाती सोपवून समुद्रावर जाते, हे कोणाच्याच पचनी पडत नव्हतं. एका वाढदिवसाला कुणीतरी सरळच विचारलं, "यंदाही जाणार? मग श्रीधरकाका?"

"ते नाही येत," कुमुदताई म्हणाल्या, आणि वाटी सिंकमध्ये ठेवून निघून गेल्या.

मी त्यांच्या घरी जायला लागले ते पहिल्यांदा ओवा मागायला. डायनिंग टेबल काढून टाकून तिथं काकांची कॉट ठेवली होती, मागच्या अंगणाकडच्या खिडकीला लागून. काका गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होते. चालत्या गाडीत कुठं खडखड होते, कुठं गुणगुण होते, ते शोधून बंद करणं हे त्यांचं काम. घरातला फ्रिज बिघडायच्या आधी आठवडाभर त्यांना कळायचं, असं कुमुदताई सांगायच्या. स्ट्रोकनं उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक शब्द तेवढा राहिला. तो शब्द होता 'चला'. भूक लागली, चला. कूस बदलायचीय, चला. दुखतंय, टीव्ही नको, दिवा घालवा, सगळ्याला चला. मी ओवा घेऊन निघाले तेव्हा मलाही म्हणाले, चला. मी दचकले. कुमुदताई म्हणाल्या, "तुला बरं वाटलं म्हणतायत." कुठल्या 'चला'चा काय अर्थ, ते त्यांना आवाजावरून कळायचं. मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सकाळी अंघोळ, औषधं, घास मऊ करून भरवणं, दर थोड्या वेळानं कूस वळवणं, सगळं त्या स्वतः करायच्या. लोरेन नावाची एक बाई दुपारी यायची, तेवढ्यात यांच्या फेऱ्या. मुलगा अनिकेत पार पश्चिम किनाऱ्यावर, सांता क्लाराला. त्याचं म्हणणं सरळ होतं: बाबांना चांगल्या नर्सिंग होममध्ये ठेव, नाहीतर मग निदान असं सोडून जाऊ नकोस. "Mom, pick one," तो फोनवर म्हणायचा. कुमुदताई दोन्हीतलं एकही करत नव्हत्या. मे महिन्यात लोरेन चोवीस तास राहायला यायची आणि या विमानात बसायच्या. विमानातही, मला खात्री आहे, मागं पँट्रीपाशी उभ्या राहत असणार.

एका वर्षी मार्चमध्ये माझी नोकरी गेली. आमची अख्खी टीमच लेऑफ झाली. त्याच सुमाराला कुमुदताईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि अनिकेतनं अट घातली, या खेपेला कोणीतरी सोबत असेल तरच. त्या माझ्याकडे आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घरात बसून रेझ्युमे पाठवतेस, तो तिथूनही जाईल. चल." माझा नवरा अमोल म्हणाला, जा. मी गेले.

मला वाटलं होतं, समुद्रकिनारा म्हणजे निवांत. तसं काही नव्हतं. बेटाच्या पूर्व अंगाला डोंगर सरळ समुद्रात उतरतात. आम्ही एका गावात दोन खोल्या घेतल्या होत्या. सकाळी पापडासारखी पातळ कडक भाकरी आणि चीज बांधून घ्यायचं, भाड्याची छोटी गाडी मातीच्या रस्त्यावर जाईल तिथवर न्यायची आणि मग चालायचं. पूर्वी डोंगरात कोळसा पाडणारे लोक ज्या वाटांनी समुद्रावर उतरत, त्या वाटा. पांढरा चुनखडीचा दगड, मध्येच खुरट्या झाडांचा तेलकट वास, कुठंतरी शेळ्यांच्या घंटा, माणूस नाही. घामानं निथळत खाली पोचलं की दोन कड्यांच्या मध्ये मूठभर पांढऱ्या गोट्यांचा किनारा आणि काचेसारखं पाणी. मला वाटायचं, आता दिवसभर इथंच पडून राहावं. कुमुदताई बूट काढायच्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या, तोंडावर पाणी मारायच्या आणि म्हणायच्या, "झालं. पलीकडे काय आहे बघू."

पलीकडे दुसरा असाच किनारा असायचा. त्याच्या पलीकडे तिसरा.

एकदा वाट एका कपारीपाशी संपली. खाली समुद्र, कड्याला चिकटून पायापुरती जागा. मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, तू थांब. आणि गेल्या. कड्याआड त्यांचा निळा शर्ट दिसेनासा झाला. मी बसून राहिले. हाका मारल्या, वाऱ्यानं त्या कुठल्या कुठं नेल्या. फोनला रेंज नव्हती. आता अनिकेतला काय सांगायचं, लोरेनला काय सांगायचं, 'चला' म्हणणाऱ्या त्या माणसाला कोण काय सांगणार, असले विचार मनात यायला लागले. ऊन कलायला लागल्यावर त्या परत आल्या. कोपर सोलवटलेलं, गालावर ओरखडा.

मी चिडले होते. काय होतं पलीकडे, मी विचारलं.

"असंच होतं. दगड आणि पाणी."

"मग कशाला गेलात?"

त्यांनी कोपरावर बाटलीतलं पाणी ओतलं. "इथं थांबले असते तर घरची आठवण आली असती," त्या म्हणाल्या. "चालताना पाय कुठं पडतोय ते बघावं लागतं. दुसरं काही सुचत नाही."



दोन दिवसांनी आम्ही डोंगरातल्या एका गावात पोचलो. अरुंद गल्ल्या, निम्मी घरं कुलूपबंद. एका दारासमोर सावलीत टेबल मांडून एक म्हातारी काहीतरी वळत होती. काळा घागरा, पांढरा एप्रन. बटाटा, चीज आणि पुदिन्याचं सारण कणकेच्या पारीत भरून ती पारी मिटत होती, आणि तिच्या काठाला चिमटीनं अशी वेणी घालत होती की गव्हाची लोंबीच. कुमुदताई थांबल्या. "अगं, ही तर मुरड," त्या म्हणाल्या. "आमची आई करंजीला अशीच घालायची."

म्हातारीनं वर बघितलं आणि पायानं एक खुर्ची पुढं सरकवली. आणि कुमुदताई बसल्या. पाठ टेकून, पर्स खाली ठेवून. हात धुतले, पारी घेतली, मुरड घातली. म्हातारीनं ती उलटीसुलटी करून बघितली, मान डोलावली आणि दुसरी पारी हातात दिली. तिचं नाव अस्सुंता. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्यांचं काही अडत नव्हतं. मी पायरीवर बसून दोघींचे हात बघत होते.

मग अस्सुंतानं कुमुदताईंच्या मंगळसूत्राकडे बोट केलं, ते काय असतं ते तिला कसं कोण जाणे समजलं असावं, आणि हातानं विचारलं, नवरा कुठंय? कुमुदताईंनी तळहातावर गाल टेकवून डोळे मिटले. झोपलेत, पडून असतात, असं त्यांना सांगायचं असावं. अस्सुंतानं हातातलं काम खाली ठेवलं, छातीवर क्रूस केला आणि पिठाच्या हातांनी कुमुदताईंचा हात धरून ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आपल्या काळ्या घागऱ्याकडे बोट केलं: मीही विधवा.

मला वाटलं, कुमुदताई मान हलवतील, नाही म्हणतील. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. खाली बघत तशाच बसून राहिल्या. निघताना अस्सुंतानं दोघींना कागदात बांधून त्या करंज्या दिल्या आणि कुमुदताईंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

गाडी कुमुदताई चालवत होत्या. घाटातल्या एका वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"मी तिला दुरुस्त करू शकले असते, मेघा," त्या म्हणाल्या. "नाही केलं. तेवढा वेळ ते गेलेले राहू दिले."



"बरं वाटलं मला. ते वाईट आहे."

मग एकदम घाई. फोन काढला, रेंज नाही. गाडी सुरू केली आणि आणखी वर, आणखी वर, असल्या वेगानं चालवली की मी हँडल घट्ट धरून बसले. खिंडीत रेंज आली. मिशिगनमध्ये सकाळ होती. लोरेननं फोन काकांच्या कानाशी धरला आणि कुमुदताई गाडीच्या बाहेर, वाऱ्यात, येरझाऱ्या घालत बोलायला लागल्या. त्यांनी अस्सुंताचं नाव काढलं नाही. रस्ता सांगितला. मातीचा रस्ता लागला की डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला कशी खडखड होते, दुसऱ्या गिअरला वाढते, क्लच दाबला की थांबते. पलीकडून 'चला' ऐकू आलं. त्या थांबल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "नाही हो, स्क्रू नाही वाटत. बघते परत." आणि गाडीचं दार उघडून खरंच डॅशबोर्डवर कान ठेवला.

तेव्हा मला कळलं की दर वर्षी हे फोन होत असणार, आणि मंडळात ते कोणालाच ठाऊक नाही.

काका त्यापुढच्या हिवाळ्यात गेले. न्युमोनिया झाला, हॉस्पिटलात थोडे दिवस काढले आणि गेले. अनिकेत आला, सगळं नीट केलं, आईला सांता क्लाराला घेऊन गेला. त्या तीन आठवड्यांत परत आल्या. "तिथं फार चांगली खुर्ची आहे माझ्यासाठी," एवढंच म्हणाल्या. मंडळात बायका हळहळल्या आणि हळूच म्हणाल्या, आता मोकळ्या झाल्या, फिरतील खुशाल.

मे आला आणि त्या गेल्या. आठवडा उलटायच्या आत त्यांच्या घरात दिवा दिसला. मी धावत गेले. त्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, बॅग उघडलेलीसुद्धा नव्हती. काय झालं विचारलं, तर चहाचं आधण ठेवत सांगायला लागल्या.

पोचल्या पोचल्या त्या अस्सुंताकडे गेल्या होत्या. खरं म्हणजे तिच्यासाठीच गेल्या होत्या. इथं लोक भेटायला आले, सांत्वन केलं, पण त्यांच्या डोळ्यांत 'सुटली' हे दिसत होतं. अस्सुंतासमोर मोकळेपणी रडता येईल असं त्यांना वाटलं. अस्सुंतानं ओळखलं, मिठी मारली, खुर्ची दिली, पिठाचा गोळा पुढं केला. आणि नवऱ्याचं काही विचारलं नाही. कशाला विचारेल? तिच्या हिशेबी तो केव्हाच गेलेला. तिनं जे रडायचं ते मागंच रडून घेतलं होतं.

"मीच उधळून टाकलं ते," कुमुदताई म्हणाल्या. "आता गेले म्हणून सांगायला तोंड नाही. मग त्या डोंगरात चालले. पण काय सांगू, परत यायची घाई नाही म्हटल्यावर चालवेचना. फोन कोणाला करायचा, तेही नाही."

तो उन्हाळा वाईट गेला. त्या नोव्हायभर चालायच्या. मॉलच्या पार्किंग लॉटमधून, हायवेच्या कडेनं, जिथं फुटपाथ नाही तिथूनही. अमोलला एकदा त्या भलत्याच गावाच्या हद्दीत दिसल्या, त्यानं गाडीत घालून आणलं. मी अनिकेतला फोन केला. तो मला मावशी म्हणतो. म्हणाला, मावशी, तुम्हीच सांगा मी काय करू.  जेवायला बोलावलं तर त्या यायच्या आणि आमच्या ओट्याशी उभं राहून भात खायच्या. एके दिवशी भात खाता खाता म्हणाल्या, "मी तिला खरं सांगून येते."

मी म्हटलं, येऊ का सोबत? त्या नको म्हणाल्या. ही मुरड त्यांची त्यांनीच घालायची होती, असं काहीतरी बोलल्या आणि स्वतःच हसल्या. कितीतरी महिन्यांनी हसल्या.

सप्टेंबरमध्ये त्या गेल्या. आठवड्यानं फोन आला. फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये त्यांनी मराठीत बोलून सगळं सांगितलं होतं: तेव्हा ते जिवंत होते, मी तुम्हाला तसं समजू दिलं, आता ते खरंच गेलेत. अ‍ॅपनं काय इटालियन केलं देव जाणे. अस्सुंतानं दोनदा ऐकलं. मग ती उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. कुमुदताईंना वाटलं, संपलं. त्या गल्लीत उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं म्हातारी बाहेर आली, चेहरा रागीट. अ‍ॅपमध्ये बोलली. ती दर रविवारी देवळात कुमुदताईंच्या नवऱ्यासाठी मेणबत्ती लावत होती, मेलेल्यांच्या रांगेत. जिवंत माणसासाठी. फार मोठं पाप घडलं तिच्या हातून.

"मग?" मी विचारलं.

"मग जरा विचार केला तिनं. म्हणाली, आधी लावल्या त्या आता कामाला येतील. चल, आजची तू लाव."

  त्या रडत होत्या, आणि मागं कोणीतरी त्यांना दटावल्यासारखं, समजावल्यासारखं मोठ्यानं बोलत होतं.

त्या तीन महिने राहिल्या. व्हिसा न काढता तेवढंच राहता येतं. पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. तोवर मला दूर दक्षिणेत, अल्फारेटाला नोकरी लागली होती, आमचं घर बदललं, भेटी फोनवर आल्या. ऑक्टोबरात अमोलला आणि मला सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही ठरवून अस्सुंताच्या गावात त्यांच्याकडे गेलो. दोन दिवसच होते. त्या अजूनही भरभर चालत होत्या, एका जागी धड चार वाक्यं बोलत नव्हत्या. अमोलची दमछाक झाली. श्रीधरकाकांबद्दल मात्र सहज बोलायच्या, आता हे असते तर या दाराची करकर आधी बंद केली असती, असं.

निघायच्या दिवशी सकाळी त्या घरी नव्हत्या. शेजारच्या मुलीनं समुद्राकडे हात केला. गावातल्या बायका थंडी पडेपर्यंत रोज सकाळी बसनं खाली समुद्रावर जात. अस्सुंता यांनाही नेत होती. मिरजेच्या कृष्णेकाठी वाढलेल्या या बाईला पोहणं येत नव्हतं, ते त्या तिथं शिकल्या होत्या, त्या वयात, आणि आम्हाला त्याबद्दल अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

विमानतळावर जायच्या वाटेवर आम्ही गाडी वळवून किनाऱ्याशी थांबवली. पाण्यात पाच-सहा टोप्या दिसत होत्या. गवताच्या रुंद टोप्या, त्याखाली डोकी, बाकी सगळं पाण्यात. बायका गळाभर पाण्यात हळूहळू पुढं सरकत होत्या आणि सरकता सरकता बोलत होत्या. त्यांचं बोलणं आणि मध्येच हसणं किनाऱ्यापर्यंत येत होतं. मी हाक मारली. अमोलनं हॉर्न वाजवला. एका टोपीखालून हात वर आला, पण तो आमच्यासाठी होता की पाणी उडवायला, ते समजलं नाही.

त्या टोप्या कड्याच्या दिशेनं निघाल्या. उशीर होत होता, तरी आम्ही उभे राहिलो. त्यातली कुमुदताईंची टोपी कुठली, ते मी शोधत होते. सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मग एकेक करून त्या कड्याआड गेल्या. बोलणं जरा वेळ ऐकू येत राहिलं, त्यात मराठी कुठलं नव्हतंच.